आधी नारळ, मग खडक

मार्च उलटला की लातूर, बीड, धाराशिवकडे बोअरच्या गाड्या फिरू लागतात. गाडीच्या आधी पाणी पाहणारा येतो. तळहातावर नारळ आडवा धरून तो रानातून चालतो, एका जागी नारळ उभा राहतो, तिथं खूण केली जाते. मग चारशे, सहाशे, कधी आठशे फूट खोल जायचं, आणि पुष्कळदा वर येतो तो नुसता फुफाटा.

भूजल समजावणारे मराठी व्हिडिओ नाहीत असं नाही. पण बहुतेकांत तेच जलचक्राचं चित्र, तेच निळे बाण आणि ‘पाणी जमिनीत मुरते’ हे वाक्य. चूक त्यात काहीच नसते. बघणारा ‘छान माहिती दिली सर’ म्हणतो आणि नारळवाल्याला फोन लावतो.

हे असं का होतं, याचा शोध डेरेक म्युलर यांनी घेतला होता. आज ते ‘व्हेरिटासियम’ या यूट्यूब चॅनेलमुळे जगभर माहीत आहेत. पण त्याआधी, २००८ साली, सिडनी विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली ती भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत याच विषयावर. उदाहरण घ्या वर फेकलेल्या चेंडूचं. चेंडू वर जातोय म्हणजे हातानं दिलेला जोर अजून त्याला ढकलतोय, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात हात सुटला की, हवेचा विरोध सोडला तर, चेंडूवर एकच बल उरतं: गुरुत्वाकर्षणाचं, तेही खालच्या दिशेनं. म्युलर यांनी काही विद्यार्थ्यांना सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ दाखवला. सगळे म्हणाले, सोपं होतं, नीट कळलं. परीक्षेत मात्र २६ पैकी सरासरी ६ गुणांचे ६.३ झाले. जे आधीपासून डोक्यात होतं तेच व्हिडिओ सांगतोय असं समजून त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. काहींना तर आपल्या चुकीच्या समजुतीची खात्री आणखी वाढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना दाखवलेल्या व्हिडिओत दोन माणसं होती. एक जण हीच चुकीची समजूत ठासून मांडायचा, दुसरा त्याला उलटतपासणी करून अडवायचा. हा व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला, डोक्याला ताण पडला. गुण मात्र ११ च्या आसपास गेले.

व्हिडिओ बनवणाऱ्याला हे पचायला जड आहे. ज्याला लाइक मिळतात तो शिकवतोच असं नाही, आणि ज्यानं शिकवलं त्याच्यावर बघणारा कदाचित वैतागलेला असेल.

तेव्हा मराठवाड्यासाठी बोअरवर व्हिडिओ करायचा तर सुरुवात जलचक्रापासून करू नये. नारळापासून करावी, आणि पाणी पाहणाऱ्यालाच आधी बोलू द्यावं. ‘खालून नदीच वाहायलीय बघा’, ‘अजून शंभर फूट घ्या, लागंल पाणी’, पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, हे सगळं पडद्यावर यावं, आणि कुणी हसू नये. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माझ्या मनातलं बोलतोय. मग त्याच माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, त्याला गोल फिरवून, त्याच रानात पुन्हा चालायला लावायचं. नारळ पुन्हा तिथंच उभा राहतो का? कॅमेरा बंद न करता दाखवायचं, जे होईल ते.

नारळवाला लबाड असतोच असं नाही. तळहातावरचा नारळ मुळातच डळमळीत असतो, आणि मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात. विल्यम कारपेंटर या इंग्रज डॉक्टरनं १८५२ मध्येच या परिणामाचं वर्णन करून ठेवलं आहे. पाणी कधीमधी लागतं तेही खरं. पावसाळ्यानंतर वरच्या मुरमात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतंच. लागलेल्या बोअरची गोष्ट गावभर होते. कोरड्याची कोण सांगतो?

आता खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं, त्यामुळे मराठवाड्याच्या मोठ्या भागात मातीखाली बेसाल्टच आहे. इथं एक शॉट अगदी जवळून घ्यावा. टेबलावर दोन दगड. एक मांजऱ्या, वाटाण्याएवढी भोकंच भोकं असलेला, काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. दुसरा काळा पाषाण, एकही भोक नाही, पण मधून केसासारखी चीर गेलेली. बघणाऱ्याला विचारायचं: पाणी कोण खाली सोडेल? आणि पाच सेकंद गप्प बसायचं. बहुतेक जण मांजऱ्या म्हणतील. मग दोन्हींवर शाई ओतायची. न झिजलेल्या मांजऱ्याच्या भोकांत शाई वाटीत राहावी तशी राहते, कारण ती भोकं एकमेकांना जोडलेली नाहीत. काळ्या पाषाणाच्या चिरेतून ती खालच्या कागदावर उतरते. बेसाल्टमधलं पाणी हे असं असतं: वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तशा भेगा साधारणपणे कमी आणि घट्ट होत जातात. राज्याच्या भूजल कायद्यानं अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई केली आहे; पण या दोन दगडांनंतर आठशे फुटांचा हिशेब बघणारा स्वतःच करायला लागतो.

असे शॉट घ्यायला स्टुडिओ लागत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे शेकडो छोटे व्हिडिओ केले, मराठीतही. पडद्यावर मुख्यतः हात आणि वस्तू, बाकी फारसं काही नाही.

ते ‘फारसं काही नाही’ महत्त्वाचं आहे, कारण सध्या उलटं चालतं. ड्रोन, ढणढणतं संगीत, मध्येच मीम. शॅनन हार्प आणि रिचर्ड मेयर या संशोधकांनी १९९८ साली आकाशातली वीज कशी तयार होते हा धडा काही विद्यार्थ्यांना साधा दिला, तर काहींना विजेनं माणसं कशी होरपळली वगैरे चटकदार मजकूर घालून दिला. मजकूरवाल्यांना वीज तयार होण्याचे टप्पे कमी आठवले आणि त्यावरचे प्रश्नही कमी सुटले. आपल्याकडे दर वर्षी मृगाच्या आसपास वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, तेव्हा फिरणाऱ्या व्हिडिओंत मुख्यतः तो चटकदार मजकूरच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, ही कामाची गोष्ट त्यात हरवते.

लांबीबद्दल फार बोलायला नको. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदी २०१४ साली तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही मोठा असो, निम्म्या वेळा तरी लोक सहा मिनिटांच्या आतच उठून गेलेले दिसले.

मात्र कोणताही व्हिडिओ तुमच्या रानाखालचा खडक दाखवू शकत नाही. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिनिटात बघणाऱ्याला काम द्यावं. मे महिन्यात, उपसा बंद असताना, जवळच्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीवर जा. कडेला वरून खाली मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे पट्टे दिसतील. त्यातल्या कुठल्या पट्ट्याखाली ओल आहे आणि ती किती हातांवर आहे, ते मोजून फोटोसकट पाठवा.