एका फेरीत मावणारं आवर्तन

एलपी, म्हणजे लाँग-प्लेइंग ग्रामोफोन तबकडी, मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला बरोबर १.८ सेकंद. एका फेरीतच संपून पुन्हा सुरू होणाऱ्या आवर्तनात चार ठोके सारख्या अंतराने बसवले की दोन ठोक्यांमध्ये ०.४५ सेकंद पडतात आणि लय येते मिनिटाला १३३ १/३ ठोके. टेक्नो हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत याच लयीच्या आसपास वाजतं. तीन ठोके घेतले तर लय १०० वर उतरते, पाच घेतले तर १६६ २/३ वर चढते. मधलं काही मिळत नाही.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या जेफ मिल्स या टेक्नो संगीतकाराने १९९४ साली स्वतःच्या ॲक्सिस या रेकॉर्ड कंपनीतर्फे काढलेली 'सायकल ३०' ही तबकडी याच हिशेबावर उभी आहे. तिच्या एका बाजूवर हळूहळू आत सरकणारी नेहमीची खाच (सुई जिच्यातून फिरते ती कोरीव रेघ) नाही, एकाच्या आत एक अशी बंद वर्तुळं आहेत. सुई ज्या वर्तुळात टेकेल तेच आवर्तन, कोणी सुई उचलेपर्यंत, वाजत राहतं. डीजेंचं अवजार समजून ही बाजू कानामागे टाकली जाते, आणि याची आम्हाला खंत वाटते. कमीत कमी सामग्रीत संगीत कसं उभं राहतं, हे इतकं उघड दाखवणारी जागा दुसरी नाही.

बंद खाच तशी नवी नाही. प्रत्येक एलपीच्या शेवटी, मधल्या कागदी लेबलाजवळ, एक बहुधा निःशब्द बंद खाच असतेच. पॅरिसमध्ये पिएर शेफर या संगीतकाराने १९४८ मध्ये, टेप हाताशी नसताना, अशाच खाचांमधून आवाजांचे तुकडे फिरवत ठेवले होते.

'सायकल ३०' कोरली डेट्रॉइटच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनमध्ये, रॉन मर्फी यांनी. लॅकरचा मऊ थर दिलेल्या मूळ तबकडीवर खाच कोरणारं हेड एरवी एका स्क्रूमुळे आत सरकत असतं. बंद खाचेसाठी हे सरकणं थांबवायचं, हेड टेकवायचं आणि एक फेरी होताच उचलायचं. उशीर झाला तर हेड स्वतःच्याच खाचेवर पुन्हा कोरतं आणि सुरुवातीचा आवाज बिघडतो. घाई झाली तर वर्तुळ पूर्ण होत नाही आणि सुई भरकटते. जोडाच्या दोन्ही टोकांना ध्वनिलहर एकाच पातळीवर हवी, नाहीतर खाचेला तिथे आडवी पायरी पडते आणि दर १.८ सेकंदांनी 'टक्' ऐकू येतं. खर्जात लहरीची हालचाल मोठी असल्याने तिथे सुई उडूही शकते. जोड मोठ्या ठोक्याच्या अगदी आधी ठेवला तर ठोक्याचा दणका बारीक 'टक्' झाकून टाकतो.

वर्तुळ कुठे आहे यानेही फरक पडतो. केंद्रापासून १४.५ सेंमीवर खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी वेगाने जाते, ६ सेंमीवर फक्त २१ सेंमी वेगाने. १० हजार हर्ट्‌झची एक लहर बाहेर ०.०५ मिमी जागा घेते, तर आत ०.०२ मिमीत कोंबली जाते. म्हणून आतल्या वर्तुळांत हाय-हॅट ही ड्रमसोबतची झांज बोथट ऐकू येते.

तबकडीचं भोक ०.२ मिमीने जरी सरकलेलं असलं, तर ६ सेंमीवर स्वर दर फेरीत ०.३३ टक्के वर-खाली होतो. नेहमीच्या गाण्यात हा नुसता दोष. बंद खाचेत मात्र तो दर आवर्तनात त्याच ठोक्यावर येतो, त्यामुळे तो रचनेचाच भाग होऊन बसतो.

आणि कान? खाच बदलत नाही, लक्ष बदलतं. पहिल्या काही फेऱ्यांत मुख्य ठोका ऐकू येतो. तो सवयीचा झाला की लक्ष मागच्या बारीक आवाजाकडे वळतं, कधी समच दुसऱ्या ठोक्यावर भासू लागते. तबल्याच्या एकल वादनात लेहरा, म्हणजे एकच छोटी सुरावट, अखंड फिरतो तो तबल्याला आधार म्हणून. इथे लेहराच सगळं काही आहे.

तबकडी वाजवताना एक जपा. दहा मिनिटांत सुई त्याच खाचेतून ३३३ वेळा जाते, म्हणजे नेहमीची तबकडी ३३३ वेळा वाजवल्याइतकी झीज. आधी सुई आणि खाच ब्रशने साफ करा, सुईवरचं वजन कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा, आणि एका वर्तुळात तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका.

तबकडी नसेल तर संगणकावर ४८ हजार नमुने (सॅम्पल, म्हणजे ध्वनिलहरीची मोजमापं) प्रतिसेकंद या दराची फाइल उघडून ८६,४०० नमुन्यांचा तुकडा घ्या. दर २१,६०० नमुन्यांवर एक ठोका ठेवा, सुरुवात आणि शेवट शून्य पातळीवर आणा आणि तुकडा पुन्हापुन्हा लावा. तीन मिनिटं ऐकून झाल्यावर शेवटून ९६० नमुने, म्हणजे २० मिलिसेकंद, कापून बघा: दर फेरीला सम किंचित आधीच येऊन आदळते.