प्रायोगिक व अप्रायोगिक पद्धती, मानसशास्त्रातील

मानसशास्त्रीय संशोधनपद्धतींचे दोन मुख्य वर्ग. संशोधक एखादा घटक स्वतः कमीजास्त करतो, बाकीची परिस्थिती शक्य तितकी सारखी ठेवतो आणि वर्तनात पडणारा फरक मोजतो, तेव्हा पद्धत प्रायोगिक होय. घटक जसा आढळतो तसाच घेऊन निरीक्षण, सर्वेक्षण, मुलाखत, व्यक्ती-अभ्यास (एकाच व्यक्तीचा सखोल अभ्यास) किंवा सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने कमीजास्त होतात का, हे पाहणे) यांच्या आधारे निष्कर्ष काढले, तर ती अप्रायोगिक. बदललेल्या घटकाला स्वाश्रयी चल आणि मोजलेल्या वर्तनाला पराश्रयी चल म्हणतात. उपकरणे असणे-नसणे ही यातली कसोटी नव्हे. प्रतिक्रियाकाल यंत्राने मोजून मुलगे व मुली यांची तुलना केली, तरी तो काटेकोर अर्थाने प्रयोग ठरत नाही. उलट यावल तालुक्यातील एखाद्या शाळेच्या ओट्यावर चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडले आणि त्यांना दोन वेगवेगळ्या रीतींनी पाढे शिकवले, तर तो प्रयोग ठरतो.

प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ सामान्यतः १८७९ मध्ये, जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म वुंट यांच्या लाइपझिग येथील प्रयोगशाळेपासून मानतात. हे वर्ष सोयीचे असले तरी वादातीत नाही. विल्यम जेम्स यांनी हार्वर्ड येथे १८७५ च्या सुमारास उपकरणांची एक खोली मांडली होती. पण तिचा उपयोग प्रामुख्याने अध्यापनातील प्रात्यक्षिकांसाठी होई. गुस्टाफ फेक्नर यांचा मनोभौतिकीवरील ग्रंथ त्याहून जुना, १८६० चा. त्यात उद्दीपकाची तीव्रता व संवेदना यांचे नाते मोजण्याच्या रीती तपशिलाने दिल्या आहेत. पद्धतीचा उगम शोधायचा तर फेक्नर आणि संस्थेचा शोधायचा तर वुंट, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. १८७९ चे महत्त्व इतकेच, की त्या सुमारास वुंट यांच्या विद्यार्थ्यांनी तेथे स्वतंत्र संशोधन सुरू केले.

प्रयोगाची आजची व्याख्या मात्र या दोघांचीही नाही. एकच घटक बदलावा व बाकी सारे तसेच ठेवावे, हा नियम जॉन स्टुअर्ट मिल यांच्या १८४३ च्या तर्कशास्त्रात सापडतो. स्वाश्रयी-पराश्रयी चलांची परिभाषा मानसशास्त्रात रुळली ती रॉबर्ट वुडवर्थ यांच्या १९३८ च्या पाठ्यग्रंथामुळे. यादृच्छिक वाटपाचे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडण्याचे, तत्त्व शेतीच्या प्रयोगांतून आले; रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. डोनाल्ड कॅम्बेल व ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये ३ पूर्वप्रायोगिक (नियंत्रण अगदी अपुरे असलेले), ३ खरे प्रायोगिक व १० अर्धप्रायोगिक (परिणाम मोजतात, पण गट चिठ्ठ्या टाकून पाडता येत नाहीत असे) मिळून संशोधनाचे १६ आराखडे सांगितले. तेव्हापासून दोन वर्गांमधला मधला पट्टाच रुंद होत गेला आहे.

वुंट यांचे नाव प्रयोगाशी कायमचे जोडले गेले, तरी प्रयोगाची मर्यादा त्यांनीच आखली होती. भाषा, मिथके व रूढी प्रयोगशाळेत आणता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यांसाठी त्यांनी १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्राचे १० खंड लिहिले. पाठ्यपुस्तकांत हा भाग बहुधा गाळलेला असतो. खानदेशातील नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई, भाऊबंदांनी मिळून करायचे रोट, अहिराणी गाणी ही सामग्री या दृष्टीने अप्रायोगिक अभ्यासाचीच आहे.

भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, प्रताप शेठ यांच्या आश्रयाने अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. तेथील मनोविचार अर्थातच तात्त्विक अंगाचा होता. खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाशी संलग्न होती आणि १९९० पासून जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव) संलग्न आहेत.

प्रयोगातील नियंत्रण किती नाजूक असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्मरणाचे प्रयोग. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ च्या ग्रंथासाठी सुमारे २,३०० निरर्थक शब्दांचा साठा केला होता. दोन व्यंजनांमध्ये एक स्वर, अशी त्यांची घडण. प्रयुक्तही (ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती) ते स्वतःच. अर्थ आला की पाठांतर सोपे होते, म्हणून निरर्थकता हाच या प्रयोगाचा कणा. देवनागरीत अशा याद्या करताना खानदेशात वेगळी खबरदारी घ्यावी लागते. ‘जास’ हा शब्द प्रमाण मराठीच्या कानाला पोकळ वाटतो, पण अहिराणीत ते रोजचे क्रियापद आहे. धुळे किंवा साक्री भागातील प्रयुक्ताला असा शब्द दिला, तर मोजले जाते ते निव्वळ स्मरण नव्हे. यादी कागदावर निर्दोष दिसते, हीच अडचण.

मुलाच्या घरची भाषा अहिराणी, भिली की पावरी, हे संशोधक ठरवू शकत नाही. त्यामुळे घरची भाषा व वाचनातील गती यांचा अभ्यास अप्रायोगिकच राहतो. आढळलेल्या फरकामागे भाषा, पालकांचे शिक्षण की शाळेपर्यंतचे अंतर, हे नुसत्या सहसंबंधावरून सांगता येत नाही. शाब्दिक गणिते कोणत्या भाषेत वाचून दाखवायची, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवता येते आणि तेवढा भाग प्रायोगिक होतो. एकाच वर्गात दोन गट केल्यास मुले मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगतात; म्हणून पूर्ण शाळाच एका गटात घालणे बरे, मात्र मग शाळांची संख्या वाढवावी लागते. नंदुरबारच्या सातपुड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. जूनमध्ये पूर्वचाचणी व फेब्रुवारीत उत्तरचाचणी घेतल्यास नेमकी हीच मुले गळतात, आणि उरलेल्यांची सरासरी फसवी चढते.

उष्मा व चिडचिड यांचा संबंध दोन्ही मार्गांनी तपासता येतो. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पण त्याच दिवसांत पाणीटंचाई, लग्नसराई आणि अपुरी झोपही असते. बंद खोलीत तापमान वाढवून हे घटक वेगळे काढता येतात. तेथे उन्हाळ्याची सवय झालेली माणसे कशी वागतात, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

सर्वेक्षण व व्यक्ती-अभ्यास यांचे तंत्र सुपरिचित आहे. कर्ज, नापिकी किंवा कुटुंबातील आत्महत्या यांसारखे घटक मुद्दाम निर्माण करणे अनैतिक असल्याने कापूसपट्ट्यातील मानसिक आरोग्याचे संशोधन पश्चात्-अभ्यासाच्या अंगानेच करावे लागते. त्यात घटना आधी घडलेली असते आणि कारणांचा माग मागे जाऊन काढतात. अशा वेळी आठवणीतून आलेली माहिती बँकेच्या नोंदी, सातबारा वा पंचनाम्याशी ताडून घेतात.