आगेरा ते आगमनकाळ: उपकार मानत वाट बघायची सवय कुठून आली

ऑक्टोबरात मुंबईजवळ गोराई, मनोरी, उत्तनकडे आगेरा हा कापणीचा सण होतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून लोक घरी नेतात, आणि दोनेक महिन्यांत आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, सुरू होतो. त्यामुळे आधी आभार आणि मग वाट बघणं असा क्रम वाटतो, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण मागे जाऊन बघितलं की कळतं, सुरुवातीला ही दोन्ही एकाच प्रार्थनेत होती.

प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र घ्या. साधारण इ.स. ५०-५१ चं, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. तिथली ख्रिस्ती मंडळी नवीन, छळ चाललेला, त्यात काही माणसं वारली, मग प्रभू येईल तेव्हा त्यांचं काय, ही धास्ती. त्याच लोकांना तो लिहितो, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा". सगळं सुरळीत झाल्यावर करा असं तो म्हणत नाही, हे मला फार धीर देणारं वाटतं.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 'डिडाखे' नावाचं एक छोटं जुनं पुस्तक आहे, सुरुवातीच्या मंडळ्यांना शिकवण देणारं, शेकडो वर्षं हरवलेलं होतं. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याचं हस्तलिखित सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. त्यात भाकरीवरची उपकारस्तुती आहे, तिचा भाव असा की जशी ही भाकर डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात गोळा होवो. म्हणजे पिकाबद्दल थँक्स म्हणता म्हणता त्याच दमात पुढच्या राज्याची आस. आणि जेवणानंतरची उपकारस्तुती संपते ती 'माराना था' या अरामी शब्दांवर, आमच्या प्रभू, ये! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यासमोर आगेऱ्याच्या लोंब्याच आल्या.

आगमनकाळ बराच नंतरचा. लॅटिन 'आद्वेंतुस' म्हणजे येणं, रोममध्ये बादशहाच्या नगरप्रवेशालाही हाच शब्द. इ.स. ५६७ च्या तूरच्या धर्मसभेने मठवासीयांना डिसेंबरात नाताळापर्यंत उपास सांगितला, चार रविवारांची पद्धत हळूहळू बसली. मेणबत्त्यांचं चक्र तर फक्त १८३९ चं. हॅम्बुर्गला योहान विखर्न हे पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या २० छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. मुलांना गप्प बसवण्यापेक्षा वाट बघायला शिकवलं त्यांनी.

आपल्याकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाची श्रद्धा पोर्तुगीज काळापासूनची, अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ मध्ये. पण मराठीतली 'आस' खऱ्या अर्थाने उपासनेत आणली ती रेव्ह. ना. वा. टिळकांनी, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, आणि अभंग, भजन, कीर्तन ते बरोबर घेऊन आले. वाट बघण्याची भाषा वारकऱ्यांकडे आधीच होती ना, ती ख्रिस्ती मंडळीलाही मिळाली.

आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, 'युखारिस्त' म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. त्याच उपकारस्तुतीच्या मधोमध आपण दर रविवारी म्हणतो की प्रभू परत येईपर्यंत आम्ही त्याचं मरण आणि पुनरुत्थान गाजवू. आमच्या घरी आगेऱ्याची लोंबी क्रुसाशेजारी टांगलेली असते, नाताळपर्यंत ती सुकून पिवळी होते, आणि आगमनकाळाची पहिली मेणबत्ती आम्ही तिच्याखालीच लावतो.