पितळेचा साप: ख्रिस्ती विश्वासातील मूर्तिपूजा आणि खरी उपासना

इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस यहूदाचा राजा हिज्कीया याने एका पितळेच्या सापाचे तुकडे केले. तो साप परक्या देवाचा नव्हता. मोशेने अरण्यात खुद्द देवाच्या सांगण्यावरून तो घडवून खांबावर लावला होता. सर्पदंश झालेला माणूस त्याच्याकडे पाही आणि वाचे (गणना २१). पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, म्हणून राजाने तो फोडला (२ राजे १८:४). योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच्या वधस्तंभासाठी पुन्हा याच सापाचा दाखला देतो (३:१४). मूर्तिपूजेविषयीचा ख्रिस्ती वाद समजून घ्यायचा तर या सापापासून सुरुवात करावी. पितळ तेच राहिले, त्याच्यापुढची माणसांची कृती बदलली.

मूर्तीविषयीची आज्ञा आहे दहा आज्ञांमध्ये, निर्गम २०:४-५ मध्ये. तिथला हिब्रू शब्द ‘पेसेल’, म्हणजे कोरून घडवलेली मूर्ती. पुढे दोन क्रियापदे येतात: तिच्या पाया पडू नको आणि तिची सेवा करू नको. याच ग्रंथाच्या २५व्या अध्यायात कराराच्या कोशावर (आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय प्राणी, घडवायची आज्ञा आहे. आकृती घडवणेच निषिद्ध असते तर हे दोन अध्याय एकत्र नांदले नसते. पण करूब परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थळाच्या सर्वांत आतल्या खोलीत, होते. तिथे प्रमुख याजक वर्षातून एकदाच जाई, आणि कोणी त्यांना नवस बोलत नसे.

इस्राएली लोकांनी अरण्यात पूजलेल्या सोन्याच्या वासराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यातले एक वाक्य सहसा निसटते. वासरू उभे राहिल्यावर मोशेचा भाऊ अहरोन जाहीर करतो, की उद्या परमेश्वराचा उत्सव आहे (निर्गम ३२:५). म्हणजे त्यांच्या मते ते खऱ्या देवाचीच पूजा करत होते. पुढे इस्राएलाचा राजा यराबाम याने बेथेल आणि दान येथे वासरे बसवली तेव्हाही लोकांना हेच सांगितले, की ज्याने तुम्हाला मिसरातून आणले तो हाच. म्हणून पवित्र शास्त्रात चुका दोन आहेत. एक, दुसऱ्या देवाला भजणे. दुसरी, खऱ्या देवालाच आपल्या हाताच्या मापात बसवणे. दुसरी ओळखायला जास्त अवघड, कारण ती भक्तीच्या वेषात येते.

या दोन चुका एक धरायच्या की वेगळ्या, यावर आज्ञांची मोजणीसुद्धा बदलते. कॅथोलिक आणि लुथरन मंडळ्या ऑगस्टिनची मांडणी पाळतात: ‘दुसरे देव नकोत’ आणि ‘मूर्ती नको’ ही मिळून पहिली आज्ञा, आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेच्या दोन. रिफॉर्म्ड, अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी, मोजतात. महाराष्ट्रात याचा रोजचा अनुभव येतो. वसईच्या कॅथोलिक मुलासाठी ‘दुसरी आज्ञा’ म्हणजे देवाचे नाव व्यर्थ न घेणे. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेत वाढलेल्यासाठी ती मूर्तीची आज्ञा. कॅथोलिकांनी एक आज्ञा गाळली हा आरोप यातूनच येतो, आणि तो चुकीचा आहे. पाठांतराच्या संक्षिप्त रूपात मूर्तीचे शब्द येत नाहीत, पण कॅथोलिक बायबलात तो मजकूर पूर्ण आहे.

नव्या करारात प्रश्न आणखी आत शिरतो. शोमरोनी स्त्री विचारते, उपासना गरिज्जीम डोंगरावर करावी की यरुशलेमात? येशू दोन्ही ठिकाणे बाजूला ठेवतो आणि आत्म्याने व खरेपणाने होणाऱ्या उपासनेविषयी बोलतो (योहान ४). प्रेषित पौल तर लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सै ३:५). लाकूड-दगडाशिवायही मूर्ती असू शकते, हे इथे उघड सांगितले आहे.

त्याच पौलाने करिंथच्या मंडळीला जेवणाबाबत नेमके नियम दिले. बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खावे. कोणी घरी जेवायला बोलावले तर समोर येईल ते खावे. पण ‘हे मूर्तीला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये. आणि मूर्तीच्या देवळातल्या पंगतीला बसू नये (१ करिंथ ८ आणि १०). शेजारच्या घरून प्रसाद आला की मराठी ख्रिस्ती घरांत आजही हेच अध्याय काढले जातात. निम्मी भांडणे होतात ती तिसरा नियम विसरल्यामुळे: पौलाची चिंता अन्नाच्या विटाळाची नव्हती, पाहणाऱ्याच्या मनाची होती.

रोमी साम्राज्यात हा जीवनमरणाचा विषय झाला. इ.स. ११२च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी आरोपींची परीक्षा घेई: सम्राटाच्या आणि देवांच्या मूर्तींपुढे धूप व द्राक्षारस वाहा आणि ख्रिस्ताला शिव्या द्या. सन २५०मध्ये सम्राट डेसियसने सगळ्यांना यज्ञ करून दाखला घ्यायला लावले; असे पपायरसवरचे दाखले इजिप्तमध्ये सापडले आहेत. चिमूटभर धुपाला नकार देऊन मरणाऱ्यांच्या आठवणीमुळे पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक प्रतिमांबाबत सावध होते. तरी चित्रे होतीच. सिरियातील दुरा-युरोपोसच्या तिसऱ्या शतकातल्या घर-मंडळीत बाप्तिस्म्याच्या खोलीत उत्तम मेंढपाळाच्या रूपात ख्रिस्त रंगवलेला होता. उलट स्पेनमधील एल्विराच्या सभेने चौथ्या शतकाच्या प्रारंभी चर्चच्या भिंतींवर चित्रे नकोत असा नियम केला. सन ६००च्या सुमारास मार्सेयचा बिशप सेरेनस याने चर्चमधल्या प्रतिमा फोडल्या, तेव्हा पोप ग्रेगरीने त्याला लिहिले, की त्यांची पूजा होऊ दिली नाहीस हे योग्य, पण फोडल्यास हे अयोग्य. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात.

मोठा स्फोट आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला झाला. सम्राट तिसऱ्या लिओने प्रतिमांविरुद्ध पाऊल उचलले आणि पाचव्या कॉन्स्टंटाईनने ७५४मध्ये हिएरियाला ३३८ बिशपांची सभा बोलावली. तिचा युक्तिवाद हलका नव्हता. ख्रिस्ताचे चित्र काढले तर एक तर त्याचे ईश्वरत्व रेषेत कोंडले, नाहीतर केवळ मनुष्यत्व रंगवून दोन्ही स्वभाव वेगळे केले. ख्रिस्ताची खरी प्रतिमा म्हणजे प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस. प्रतिमांच्या बाजूचे उत्तर दमास्कसच्या योहानाने या सभेच्या आधीच, लिओच्या काळात, लिहिले होते. तो खलिफाच्या राज्यात राहत असल्याने सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण देव देहधारी झाला, दिसला; मी जड वस्तूला भजत नाही, माझ्यासाठी जड देह धारण केलेल्या निर्मात्याला भजतो, अशी त्याची मांडणी होती.

७८७च्या निकियाच्या दुसऱ्या सभेने यातून दोन ग्रीक शब्द वेगळे केले. ‘प्रोस्किनेसिस’, म्हणजे वाकून केलेले वंदन, प्रतिमेला चालेल. तो मान चित्रातल्या व्यक्तीकडे जातो. ‘लात्रिया’, म्हणजे उपासना, फक्त देवाला. इथे एक खरी अडचण होती, आणि विरोधकांना ती पक्की ठाऊक होती: निर्गम २०:५च्या ग्रीक भाषांतरात मूर्तीपुढे दोन्ही निषिद्ध आहेत. बचाव असा, की अब्राहाम हेथच्या लोकांपुढे वाकला, याकोब एसावापुढे वाकला. वाकण्याचे प्रकार अनेक, हेतू पाहावा.

पश्चिमेत मात्र निर्णय पोहोचला तो वाईट लॅटिन भाषांतरात. दोन्ही छटा ‘अदोरात्सिओ’ या एकाच शब्दात सांडल्या. सायप्रसच्या एका बिशपाचे म्हणणे होते, की उपासना मी फक्त त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) देतो. लॅटिनमध्ये तो त्रैक्याइतकीच उपासना प्रतिमांना देतो असे झाले. ७९४मध्ये फ्रँक राजा शार्लमेनच्या फ्रँकफर्टच्या सभेने नेमक्या याच मताचा धिक्कार केला. पूर्वेत हा वाद ८४३मध्ये मिटला.

सोळाव्या शतकात तो पुन्हा पेटला. १५२२च्या आरंभी विटेनबर्गमध्ये प्रतिमा फोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा धर्मसुधारक ल्यूथर परतला आणि त्याने थांबवले: हृदयातून मूर्ती काढल्याशिवाय भिंतीवरून काढून काय होणार? झुरिकमध्ये झ्विंग्लीने वेगळी वाट धरली. १५२४च्या उन्हाळ्यात दारे बंद करून कारागिरांनी चर्चे रिकामी केली. १५६३ साली दोन परस्परविरोधी दस्तऐवज निघाले. रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीने चित्रे ही अडाण्यांची पुस्तके मानायलाही नकार दिला. कॅथोलिकांच्या ट्रेंटच्या सभेने डिसेंबरात प्रतिमा राखल्या, पण त्यांच्यात काही दैवी शक्ती आहे असे मानू नये आणि त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, असे बजावले.

याच काळात गोव्यात जे घडले ते या इतिहासाचे सर्वांत जड पान आहे. १५४०च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि १५६०मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. ज्या विश्वासाचे साक्षीदार सक्तीचा धूप नाकारून मेले, त्याच विश्वासाच्या नावाने दुसऱ्यांवर सक्ती झाली. आत्म्याने व खरेपणाने होणारी उपासना दंडुक्याने करवून घेता येत नाही. ती चूक विरोधकांनी नव्हे, आपण ख्रिस्ती लोकांनीच मान्य केली पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याच भूमीत दुसरा मार्ग दाखवला: १६१६मध्ये छापलेले, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’. तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले, तेव्हा रूप देशी ठेवूनही उपासना कोणाकडे वळते हाच निकष होता.

मराठीत अडचण शब्दातच बसली आहे. ‘पूजा’ या एका शब्दात वंदन, नैवेद्य, मानमरातब आणि परमेश्वराची उपासना सगळे मावते, जसे लॅटिन ‘अदोरात्सिओ’त मावले होते. ‘तुम्ही मरियामातेची पूजा करता’ असे प्रॉटेस्टंट म्हणतो, ‘करत नाही’ असे कॅथोलिक म्हणतो, आणि दोघांच्या मनात ‘पूजा’ वेगळी असते. म्हणून शिकवणाऱ्याने संत आणि प्रतिमांसाठी ‘वंदन’ किंवा ‘सन्मान’, आणि देवासाठी ‘उपासना’ किंवा ‘आराधना’ हे शब्द कसोशीने वेगळे ठेवावेत. मतभेद त्यानंतरही उरेल, कारण वाकणारे डोके कुठे थांबते हे शब्दाने ठरत नाही. पण निदान ७९४चा गोंधळ पुन्हा होणार नाही.