स्पर्शपटल : तंत्राची निवड

स्पर्शपटल (टच स्क्रीन) : पडद्यावरील चित्राला बोटाने किंवा लेखणीने स्पर्श करून यंत्राला आज्ञा देण्याचे साधन. या एका नावाखाली निरनिराळ्या भौतिक तत्त्वांवर चालणारी साधने मोडतात. त्यामुळे एखाद्या उपकरणासाठी पटल ठरवायचे म्हणजे आधी तत्त्व ठरवावे लागते. आकार, चकाकी व किंमत हे प्रश्न त्यानंतरचे. प्रस्तुत नोंद या निवडीपुरती मर्यादित आहे.

उगम : पहिले स्पर्शपटल कोणाचे याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारे ई. ए. जॉन्सन यांना हा मान देतात. त्यांचा संक्षिप्त लेख १९६५ मध्ये आणि विस्तृत लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. हवाई वाहतूक नियंत्रकाला संगणकाशी जलद व्यवहार करता यावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. चित्रनलिकेच्या (जुन्या पडद्याच्या काचेच्या नळीच्या) दर्शनी भागावर बसवलेल्या तारेला बोट लागले की तिची विद्युत् धारकता (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युत् भार साठवण्याची क्षमता) बदलत असे आणि तेवढ्यावरून स्पर्श ओळखला जाई. एका वेळी एकच स्पर्श कळे. दाब किती याची नोंद होत नसे.

लोकप्रिय लेखनात मात्र अमेरिकन भौतिकीविज्ञ सॅम हर्स्ट यांचे नाव अधिक आढळते. आलेखावरील मोजमापे संगणकात भरण्याचे कंटाळवाणे काम हलके व्हावे म्हणून केंटकी विद्यापीठात असताना, सुमारे १९७१ मध्ये, त्यांनी ‘इलोग्राफ’ हे साधन बनवले. परंतु ते अपारदर्शक होते, म्हणजे त्याच्यामागे पडदा ठेवता येत नव्हता. पारदर्शक आवृत्ती साधारणतः १९७४ ची मानतात. तिसरा दावा जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेचा आहे. तेथे सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या त्वरकाच्या (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रण कक्षात असंख्य बटणे व दट्टे बसवावे लागू नयेत म्हणून फ्रँक बेक व बेंट स्टुम्पे यांनी पटलाची योजना केली. स्टुम्पे यांचे हस्तलिखित टिपण मार्च १९७२ चे आहे. काचेवरील तांब्याच्या पातळ थरात त्यांनी धारित्रे (विद्युत् भार साठवणारे घटक) कोरली. रेषांची जाडी व त्यांमधील अंतर प्रत्येकी सुमारे ८० मायक्रोमीटर ठेवल्याने त्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नसत. याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणप्रणालीत अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची १६ × १६ चौकटींची जाळी वापरली गेली.

कालक्रम पाहता जॉन्सन यांचा अग्रक्रम मान्य करणे अधिक योग्य वाटते. १९७१ हे वर्ष प्रमाण मानायचे, तर अपारदर्शक फळीलाही स्पर्शपटल म्हणावे लागेल. निवडीच्या दृष्टीने या वादातून एवढेच घ्यायचे की रेझिस्टिव्ह (विद्युत् रोधावर आधारलेले), कपॅसिटिव्ह (धारकतेवर आधारलेले) व अवरक्त ही तिन्ही तत्त्वे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सिद्ध झाली होती. त्यांतील कोणतेही अद्याप पूर्णपणे बाद झालेले नाही.

रेझिस्टिव्ह पटल : काच आणि तिच्यावर ताणलेली लवचिक फिल्म यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम-टिन ऑक्साइडचा विद्युत्‌वाहक थर असतो, मध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट. दाब पडला की दोन्ही थर टेकतात आणि त्या बिंदूवरील व्होल्टतेवरून स्थान काढले जाते. चार तारांच्या प्रकारात काच व फिल्म यांवर आळीपाळीने व्होल्टता लावतात. फिल्म सतत वाकत असल्याने तिच्यावरील ठिसूळ थराला तडे जातात व मापन ढळते. पाच तारांच्या प्रकारात दोन्ही दिशांचे मापन काचेवरच होते. फिल्मकडे केवळ व्होल्टता टिपण्याचे काम उरते, म्हणून तडे गेले तरी अचूकता फारशी बिघडत नाही. एकाच ठिकाणी चार तारांचे पटल दहा लाखांच्या आसपास स्पर्श सहन करते असे सांगतात, तर पाच तारांच्या काही पटलांसाठी उत्पादक साडेतीन कोटींचा आकडा देतात. हे आकडे प्रयोगशाळेतील रबरी टोकाच्या चाचणीचे असतात. नखे, पेनांची टोके व धूळ यांचा हिशेब त्यात नसतो.

येथे दाब पुरेसा असल्याने हातमोजा, ओले बोट, लाकडी काडी काहीही चालते. उणिवा म्हणजे प्रकाशाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावणे, फिल्मवर ओरखडे पडणे आणि साध्या रचनेत दोन बोटे एकदम न ओळखणे.

प्रक्षेपित कपॅसिटिव्ह पटल : मोबाइल फोनमधील हा प्रकार २००७ नंतर सर्वत्र पसरला. काचेखाली आडव्या व उभ्या विद्युत्‌वाहक पट्ट्या असतात. पट्ट्यांची स्वतंत्र धारकता मोजली (स्व-धारकता) तर १२ आडव्या व २० उभ्या पट्ट्यांसाठी ३२ मापने पुरतात. पण दोन बोटे ठेवल्यास चार छेदबिंदू संभवतात व त्यांतील खरे दोन कोणते हे ठरत नाही. प्रत्येक छेदाची धारकता मोजली (परस्पर-धारकता) तर २४० मापने घ्यावी लागतात, मात्र प्रत्येक बोट वेगळे कळते. बोटामुळे होणारा बदल पिकोफॅरड या धारकतेच्या अतिसूक्ष्म एककाच्या अंशाइतका असतो. त्यामुळे पडद्याचा व चार्जरचा विद्युत् गोंगाट हा या पद्धतीचा कायमचा शत्रू ठरला आहे.

पाण्याचा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. सुटा थेंब परस्पर-धारकतेच्या मापनात बहुधा बोटाच्या उलट दिशेचा बदल घडवतो, तर स्व-धारकतेच्या मापनात, शेजारच्या पट्ट्या समान विभवावर (व्होल्टतेवर) ठेवल्यास, जवळजवळ दिसतच नाही. दोन्ही मापने ताडून थेंब वगळणारे नियंत्रक (पटलाचे संकेत वाचणारी चिप) त्यामुळेच शक्य झाले. पण पाण्याचा सलग पापुद्रा चौकटीच्या धातूला टेकला की हा ताळा बिघडतो. खारे पाणी त्याहून वाईट. पातळ नायट्राइल हातमोजा सहसा चालतो, जाड चामडी चालत नाही. वरची काच जाड करता येते. काच आणि संवेदक यांमध्ये हवेची फट मात्र टाळावी, कारण काचेचा परावैद्युतांक (विद्युत् क्षेत्राला साथ देण्याचे माप) हवेच्या अनेक पट असतो व फटीत संकेत क्षीण होतो. सार्वजनिक यंत्रांच्या मागणीपत्रात आघात-सहनाची श्रेणी नमूद असेल, तर काचेची जाडी आणि नियंत्रकाची जुळणी एकत्रच ठरवाव्यात. हे दोन विभागांकडे वाटून दिले की उशिरा पस्तावण्याची वेळ येते.

इतर प्रकार : पृष्ठीय ध्वनितरंग पटलात काचेवरून जाणारी श्राव्यातीत लहर बोट शोषून घेते. काचेवर लेप नसल्याने चित्र स्वच्छ दिसते, परंतु कठीण टोकाची लेखणी कळत नाही आणि साचलेला थेंब स्पर्श समजला जातो. अवरक्त चौकट मोठ्या पडद्यांना, विशेषतः वर्गातील फळ्यांना, परवडते. किरण अडवणारी कोणतीही वस्तू तिला चालते, त्यात माशीही आली. प्रखर ऊन व चौकटीत साठलेली धूळ ही तिची दुखणी होत.

भारतीय उदाहरण : ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटचा इतिहास या संदर्भात बोधक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सादर झालेल्या पहिल्या आवृत्तीत सात इंची रेझिस्टिव्ह पटल होते. शासकीय खरेदीची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास राखायची असल्याने ही निवड समजण्यासारखी होती. परंतु दाब द्यावा लागणाऱ्या पडद्यावर आणि मंद प्रक्रियकावर (प्रोसेसरवर) टीका झाली. प्रकल्पाची सूत्रे पवईच्या आयआयटी मुंबईकडे आल्यानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेल्या आकाश-२ मध्ये कपॅसिटिव्ह पटल आले, आणि किंमत जवळपास तीच राहिली. वर्षभराच्या अंतरात स्वस्त तंत्र कोणते याचे उत्तरच बदलले होते. जुन्या दरपत्रकावरून तंत्र ठरवू नये ते यासाठी.

पटल नको असण्याचा पर्याय : निवडीच्या चर्चेत हा पर्याय सहसा राहून जातो. भारतातील मतदान यंत्रात स्पर्शपटल नाही. मतदाता दाबतो ते बटण, आणि मतदान युनिटवर ब्रेल खुणाही असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा नौसैनिक मृत्यू पावले. चौकशीत सुकाणू व वेगनियंत्रणाच्या स्पर्शपटलाची रचना हे एक कारण म्हणून पुढे आले (प्रशिक्षण व देखरेख यांतील त्रुटीही होत्याच). त्यानंतर नौदलाने या वर्गातील नौकांवर वेगासाठी पुन्हा यांत्रिक दट्टे बसवण्याचे ठरवले. न पाहता हाताने चाचपून जी क्रिया करावी लागते, तिच्यासाठी सपाट काच गैरसोयीची ठरते, मग तंत्र कोणतेही असो.

दुरुस्ती : पडदा व संवेदक पारदर्शक गोंदाने एकसंध चिकटवल्यास परावर्तन घटते व उन्हात वाचनीयता वाढते. मात्र काच फुटली की बाजारात ‘फोल्डर’ म्हणतात तो सगळा जोड बदलावा लागतो. रेझिस्टिव्ह पटल बहुधा वेगळे काढता येते, म्हणून दीर्घकाळ चालवायच्या कारखान्यातील यंत्रांच्या नियंत्रण फलकांवर ते अजून टिकून आहे.