सचिनला यॉर्कशायरनं पहिल्यांदा बोलावलंच नव्हतं

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं एक गोष्ट ऐकू येते: इंग्लंडच्या यॉर्कशायर काउंटी संघात यॉर्कशायरबाहेर जन्मलेला पहिला खेळाडू सचिन, आणि तिथे तो जाताच शतकांचा रतीब लागला. दोन्ही चूक. त्यांचा नामवंत कर्णधार लॉर्ड हॉक लिंकनशायरमध्ये जन्मला होता. सचिन पहिला परदेशी व्यावसायिक, हे मात्र खरं. पण 1992 साठी आधी करार झाला होता ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मॅकडरमॉटशी. तो जायबंदी झाला, म्हणून सचिनला विचारणा झाली.

आता शतकांचं. प्रथम श्रेणीचे 16 सामने, 1070 धावा, सरासरी 46.52 आणि शतक फक्त एक, डरहॅमविरुद्ध. मला तरी हे आकडे जास्त मोलाचे वाटतात. वय एकोणीस, घर ड्यूजबरीत, हवा गार, चेंडू हवेत उशिरापर्यंत वळणारा. एक सामना संपतो न संपतो तोच दुसऱ्या गावी पुढचा, रविवारी पुन्हा मर्यादित षटकांचा. स्वागताच्या त्या प्रसिद्ध फोटोत डोक्यावर चपटी टोपी, हातात बिअरचा ग्लास आणि चेहऱ्यावर अजून पोरपण आहे. परक्या मुलखात इतक्या लहान वयात हजारावर धावा करणं सोपं नव्हतं. कट्ट्यावर सांगायचंच असेल तर हे सांगा.