इन्फ्लुएन्झा : प्रकार आणि गोव्यातील कामाच्या ठिकाणचे लसीकरण

इन्फ्लुएन्झा म्हणजेच फ्ल्यू हा नाक, घसा आणि फुप्फुसे यांना होणारा विषाणुजन्य रोग आहे. एकाएकी चढणारा ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि अंथरूण धरायला लावणारा थकवा ही त्याची लक्षणे. सर्दी हळूहळू भरते. फ्ल्यूचा रोगी मात्र बहुधा ताप कधी चढला ती वेळही सांगू शकतो. निरोगी माणूस आठवड्याभरात सावरतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले लोक यांना न्यूमोनिया होऊन आजार जिवावर बेतू शकतो.

प्रकार : विषाणूचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. डी मुख्यतः गुराढोरांत आढळतो, सीमुळे सौम्य सर्दीखोकला होतो. दरवर्षीच्या साथी ए आणि बी यांच्यामुळे येतात.

ए प्रकार माणसांखेरीज पाणपक्षी, कोंबड्या आणि डुकरांतही वावरतो. त्याच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरॅमिनिडेज ही दोन प्रथिने असतात. एच१एन१, एच३एन२ ही उपप्रकारांची नावे त्यांच्यावरूनच पडली आहेत आणि हेच दोन उपप्रकार सध्या माणसांत फिरत आहेत. या प्रथिनांत दरवर्षी थोडा थोडा फरक पडत जातो, त्यामुळे गेल्या वर्षी कमावलेली प्रतिकारशक्ती यंदा अपुरी पडते. कधी दोन वेगळे विषाणू एकाच प्राण्याच्या शरीरात भेटतात, त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते आणि लोकांना सर्वस्वी अनोळखी असा विषाणू तयार होतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथी अशाच सरमिसळीतून उद्भवल्या. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्ल्यू’ म्हणून आलेला एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी विषाणूंपैकीच एक झाला आहे. १९१८ ची साथ सर्वांत भीषण होती. ती मुंबई बंदरातून देशभर पसरली आणि एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

बी प्रकारात व्हिक्टोरिया आणि यामागाता अशी दोन घराणी आहेत. मार्च २०२० नंतर यामागाताचा एकही खात्रीशीर रुग्ण सापडलेला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हा घटक लशीत ठेवण्याची गरज नसल्याचे सांगितले. लस विकत घेणाऱ्या कंपन्यांनी हे नीट लक्षात घ्यावे : यामागातासकट चार घटकांची लस त्याविना तीन घटकांच्या लशीहून सरस, असे समजून जादा पैसे मोजण्याचे कारण आता उरलेले नाही.

गोव्यातील वेळापत्रक : जागतिक आरोग्य संघटना लशीचे घटक वर्षातून दोनदा सुचवते, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात. नकाशावर गोवा उत्तर गोलार्धात येतो, पण इथला फ्ल्यू थंडीपेक्षा पावसाचे वेळापत्रक पाळतो. देशाच्या बहुतेक भागांप्रमाणे इथेही मुख्य लाट जून ते सप्टेंबर या काळात येते, जानेवारी ते मार्चमध्ये एक दुसरी लाट दिसते. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि ते पुढे महिन्यागणिक उतरत जाते. युरोप-अमेरिकेतील मुख्यालयाचे ऑक्टोबरचे वेळापत्रक इथल्या कारखान्याने तसेच उचलले, तर कामगार पावसात शिरतात तेव्हा त्या लशीला आठ महिने उलटलेले असतात. गोव्यात शिबिर एप्रिल-मे महिन्यांतच व्हावे आणि त्यासाठी दक्षिण गोलार्धाचा ताजा साठा मागवावा.

याला आणखी एक कारण आहे, ते चतुर्थीचे. ऑगस्ट-सप्टेंबरात वेर्णे, कुंडई, डिचोलीच्या कारखान्यांतून आणि पणजीच्या कचेऱ्यांतून माणसे पेडणे, सत्तरी, काणकोणच्या मूळ घरांकडे जातात. एकाच घरात चार पिढ्या जमतात, आरत्या होतात, पंगती बसतात. फ्ल्यूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग पसरवू लागतो, म्हणजे स्वतःला ठणठणीत समजणारा मुलगाच आजीपर्यंत ताप पोहोचवू शकतो. कारखान्यात टोचलेली लस म्हणूनच कामगाराच्या घरापर्यंत उपयोगी पडते.

हॉटेलांचे गणित थोडे वेगळे आहे. त्यांची हंगामी भरती पावसाळा संपता संपता होते आणि त्यानंतर युरोपातून पाहुणे येतात, तेही त्यांच्याकडच्या फ्ल्यूच्या दिवसांत. नव्या कर्मचाऱ्यांसाठी तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरे, छोटे शिबिर ठेवणे योग्य.

आयोजन : फ्ल्यूची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे खर्च बहुधा मालकाला किंवा कामगाराला करावा लागतो. इथेच कंत्राटी माणसे सुटतात. कँटीनवाला, सुरक्षारक्षक, बसचालक, सफाई कामगार यांची नावे कंपनीच्या हजेरीपटावर नसतात, पण ते दिवसभरात सगळ्या विभागांतून फिरतात. त्यांना वगळून केलेले शिबिर अपुरे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे. रात्रपाळीच्या माणसाला दुपारी परत बोलावण्यापेक्षा पाळी बदलण्याच्या वेळी टोचणी ठेवली, की हजेरी वाढते. एका विभागातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लस देऊ नये. दंड दुखणे आणि किंचित ताप एकदोन दिवस राहू शकतो.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि ती गोठली तर फेकून द्यावी लागते. मे महिन्यातल्या वळिवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा कार्यालयाच्या फ्रिजवर भिस्त ठेवण्यापेक्षा टोचणारे रुग्णालय त्याच दिवशी शीतपेटीतून कुप्या घेऊन येईल, असा करार करावा. प्रौढाला ०.५ मिलिलिटरचा एक डोस दंडाच्या स्नायूत देतात. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवावे, आणि डॉक्टर व अॅड्रेनॅलिन (तीव्र अॅलर्जीवरचे इंजेक्शन) हाताशी असावे. आधीच्या डोसानंतर तीव्र अॅलर्जी झालेल्यांना ही लस देऊ नये. ताप असलेल्यांना पुढची तारीख द्यावी. गरोदर स्त्रियांना ती कोणत्याही महिन्यात चालते.

संमतीपत्र मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये असावे. लस ऐच्छिकच असावी. नकार देणाऱ्याच्या पगाराला किंवा पाळीला हात लावू नये. बहुतेक नकारांमागे ‘लस घेतली आणि फ्ल्यू झाला’ हा अनुभव असतो. टोचणीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, तेव्हा तिच्यामुळे फ्ल्यू होऊच शकत नाही. पण संरक्षण तयार होण्याच्या दोन आठवड्यांत आधीच लागलेला संसर्ग उसळू शकतो, किंवा दुसऱ्याच विषाणूची सर्दी होऊ शकते. शिवाय घटक चांगले जुळलेल्या वर्षीही लस डॉक्टरकडे जावे लागेल इतका फ्ल्यू साधारण ४० ते ६० टक्केच टाळते. हा आकडा कामगारांपासून लपवू नये. त्यांना तो आधी कळला, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा रांगेत उभे राहतात.

तापाची रजा : लशीच्या जोडीला भरपगारी आजारपणाची रजा हवी. रोजंदारी बुडण्याच्या भीतीने माणूस गोळी घेऊन यंत्रावर उभा राहतो आणि ओळीतल्या सगळ्यांना ताप देतो. मात्र गोव्याच्या पावसात प्रत्येक ताप फ्ल्यूचा नसतो : डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस याच महिन्यांत येतात, तर सत्तरीत २०१५ पासून आढळणारा, रानातल्या गोचिडांमुळे होणारा माकडताप हिवाळा-उन्हाळ्यात, काजूच्या हंगामात डोके वर काढतो. म्हणून लस घेतलेल्यालाही ताप दोन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात रक्ततपासणीसाठी न्यावे.